आधी निरीक्षण, मग अनुमान

(दहावी १९८६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



'शाळा सुटल्यानंतर काय केलंस ते पाच मिनिटांत सांग,' असा संयोजकांचा हुकूम आहे. नोकरी, संसार, कर्जाचे हप्ते, सगळं तुमच्यासारखंच. म्हणून मी माझ्या गाडीबद्दल बोलतो. हसू नका, तुमच्यातले निम्मे तिच्यात बसलेले आहात.

माझी इनोव्हा २००९ सालची. डिझेल, आठ सीटची. आजवर २ लाख ८६ हजार किलोमीटर चालली आहे. घेतली त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, किती खर्च आला, कुठे गेलो, कोण बरोबर होतं. ही सवय आपल्या विज्ञानाच्या सरांची. सर आज समोर बसले आहेत. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, असा क्रम चुकला की सर पान फाडायला लावायचे. आणि मी तर अनुमान गाइडमधून आधीच लिहून ठेवायचो. त्याबद्दल छड्याही खाल्ल्या आहेत.

तर गाडी. ऑइल वेळेवर, टायमिंग बेल्ट दोनदा बदलला, क्लच एकदा. २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाली, तेव्हा आरटीओत तपासणी झाली, ग्रीन टॅक्स भरला आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. गॅरेजवाले चाचा म्हणाले, "साहेब, इंजिन ठणठणीत आहे. अजून एक लाख कुठे जात नाही." मुलगा म्हणायचा, "बाबा, आता बदला." मी वही पुढे करायचो. विषय संपला.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. वर्षाचा हिशेब करायला वही उघडली आणि मागची पानं चाळत बसलो. आईचं माहेर चिपळूणजवळ. दर शिमग्याला पालखीसाठी आम्ही कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतो. २०१० पासून दरवर्षी त्या पानावर 'आई' लिहिलेलं. शेवटच्या दोन वर्षांत मात्र आईचं नाव नाही. 

मला आठवलं, पहिल्या वर्षी ती म्हणाली, "घरी कुणीतरी हवं ना." दुसऱ्या वर्षी म्हणाली, "उन्हाचं नको वाटतं." मी दोन्ही वेळा बरं म्हटलं आणि निघालो. त्या रात्री तिला सरळ विचारलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, मला चढवत नाही रे त्या गाडीत. दोघांनी धरून वर ढकलायचं, लोक बघतात."

आई आता ऐंशीची आहे. दोन्ही गुडघे गेलेत. गाडी नीट आहे का, हे मी सोळा वर्षं तपासत होतो. गाडीत बसणारं माणूस नीट बसू शकतं का, हा रकाना माझ्या वहीत नव्हताच. 'गाडी उत्तम, बदलण्याची गरज नाही,' हे अनुमान मी पुन्हा आधीच लिहून ठेवलं होतं, सर.

मग बाहेरून फूटस्टेप बसवून पाहिली. उपयोग झाला नाही. एकाऐवजी दोनदा गुडघा वाकवायचा, एवढाच फरक. शेवटी आईला घेऊन शोरूमला गेलो. २०२२ च्या अखेरीस इनोव्हाची हायक्रॉस आली. नाव जुनं असलं तरी आतून गाडी वेगळी आहे. आपली जुनी इनोव्हा ट्रकसारखी जाड चेसिसवर बसवलेली आणि मागच्या चाकांवर ओढणारी. नवीत ती वेगळी चेसिस नाही, ओढ पुढच्या चाकांवर, त्यामुळे फरशी खाली आली. आईने दाराची मूठ धरली, पाय टाकला आणि बसली. कुणी हात लावला नाही. बसल्यावर पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसली.

मग तिने किंमत विचारली. माझ्या जुन्या गाडीच्या दुपटीहून जास्त. ऐकून तशीच खाली उतरली. "एवढ्या पैशात मी लाकडी स्टूल घेऊन फिरेन," म्हणाली!

तिचंही खोटं नाही. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. नव्या गाडीत डिझेल मिळत नाही. मी पाहतोय ती पेट्रोल-हायब्रिड. चार्जिंगला लावावी लागत नाही, ब्रेक दाबला किंवा उतार लागला की बॅटरी आपोआप भरते. कंपनी लिटरला २३ किलोमीटरच्या वर सांगते. माझ्या वहीत जुनीची सरासरी साडेबारा आहे. पण चाचा म्हणाले, "साहेब, ही माझ्या हातातली गाडी नाही." सोळा वर्षं ज्याच्या भरवशावर निर्धास्त घाट उतरलो, त्या माणसाचं हे वाक्य मला किमतीपेक्षा जड गेलं.

काल रात्री जेवताना हे सगळं बोललो. आपल्यातल्या एका मित्राने हीच नवी गाडी घेतली आहे. तो म्हणाला, "रविवारी सकाळी सातला येतो. काकूंना पुढे बसव. कुंभार्ली उतरू, चिपळूणला जेवू, संध्याकाळी परत." आईला फोन केला तर तिने आधी विचारलं, "माहेरी पाच मिनिटं थांबेल का रे तो?"

म्हणजे सर, कृती रविवारी आहे. गाडी घेईन की नाही, ते आज सांगत नाही. वहीत एक नवा रकाना मात्र आखला आहे, 'बसणाऱ्याला कसं वाटलं'. येत्या शिमग्याच्या पानावर आईचं नाव असेल, मग गाडी कोणतीही असो.

निरीक्षण झालं की अनुमान ग्रुपवर टाकतो. तोवर तुमच्या घरीही एकदा विचारून बघा. आपली म्हातारी माणसं हल्ली कुठे जायला नको म्हणतात, ती खरंच का नको म्हणतात?