मऊ आमिष आणि गळाची पकड

खाडीच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या माणसाकडे पाहणाऱ्याला त्याचा धीर दिसतो. मासा लागल्यावरची त्याची धांदलही दिसते. दिसत नाही ते त्याच्या बोटांनी आधीच उरकलेले काम. ते काम म्हणजे गळाला आमिष लावणे. अगदी क्षुल्लक म्हणून ते गणले जाते. परंतु दिवसभराच्या श्रमाचे फळ पुष्कळदा त्या दोन मिनिटांतच ठरून गेलेले असते.

आमिष लावणाऱ्यापुढची अडचण फार जुनी आहे. आमिष गळावर घट्ट राहिले पाहिजे, आणि तरीही ते गळावर अडकविलेले आहे असे माशाला वाटता कामा नये. कोकणातील मुलगा ओल्या मातीतून गांडूळ उकरून काढतो आणि ते गरीवर चढवितो, ते पायात मोजा चढवावा तसे. जिवंत कोळंबी लावणारा तिच्या डोक्यावरील करवती काट्याच्या बुडाशी, आतील काळा ठिपका चुकवून गळ ओवतो, म्हणजे ती पाण्यात पाय हालवीत राहते. कावेरीच्या काठी महशीर माशासाठी नाचणीचे पीठ शिजवून त्याचे घट्ट गोळे वळीत असत. वाहत्या पाण्यात गोळा चटकन विरघळू नये, हा त्या शिजविण्यातला एक हेतू होता. प्रत्येक पाण्याने या अडचणीचे आपापले उत्तर शोधले होते.

1949 मध्ये या उत्तरांत एका नव्या उत्तराची भर पडली. अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन येथे निक क्रीम या कारागिराने व्हायनल प्लॅस्टिकचा द्रव तापवून साच्यात ओतला आणि त्यातून हुबेहूब गांडूळ काढले. हे गांडूळ मरत नव्हते, वाळत नव्हते, आणि बोटांत धरले की खऱ्यासारखे लुळे पडत होते. पुढील दशकांत त्याच द्रवातून मासळीच्या आकाराची आमिषे निघू लागली. त्यांना स्विमबेट म्हणतात. अशा आमिषाची शेपटी टोकाशी वल्ह्याच्या पात्यासारखी आडवी पसरलेली असते. आमिष पाण्यातून ओढले की त्या पात्याच्या दोन्ही कडांवरून पाण्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात, शेपटी डावी-उजवीकडे फडफडते आणि तिचे हिसके सर्व अंगभर उमटतात. यंत्र नाही, कमान नाही. केवळ मऊपणाच्या बळावर ही मासळी पोहते.

आणि अडचण आहे ती याच मऊपणात. जे अंग शेपटीला मोकळेपणी हलू देते, ते गळालाही मोकळेपणी सरकू देते. फेकताना बसणारा झटका, पाण्याची ओढ, माशाची पहिली टोच, यांपैकी कोणत्याही एका धक्क्याने मासळी गळावरून खाली घसरते आणि वाकड्या दांडीवर गोळा होऊन बसते. अशा वेळी धरणारा म्हणतो, आज मासे खात नाहीत. खरे पाहता, माशांपुढे खाण्याजोगे काही ठेविलेलेच नसते.

या आमिषासाठी वापरावयाचा नेहमीचा गळ म्हणजे जिगहेड. गळाच्या दांडीच्या वरच्या टोकाशी शिशाचे डोके ओतलेले असते, आणि त्या डोक्याच्या मागे एक आखूड मान असून तिच्यावर उलट दिशेचे काटे असतात. शिसे आमिषाला खाली नेते, तर मान त्याला धरून ठेविते. मासळी त्यावर चढविण्याची रीत सुईत दोरा ओवण्याहून कठीण नाही, परंतु तिच्यात मोजमापाला स्थान आहे. प्रथम गळ मासळीच्या अंगाशेजारी धरावा. मासळीचे नाक शिशाच्या मागील कडेशी जुळवावे आणि गळाची दांडी जेथे वळू लागते, तेथे मासळीच्या पाठीवर नखाने खूण करावी. मग टोक नाकाच्या बरोबर मध्यभागी खुपसून, अंगाच्या मध्यातून सरळ पुढे सरकवावे आणि खुणेपाशी पाठीतून बाहेर काढावे. शेवटी मासळी मानेवरील काट्यांच्या पलीकडे, नाक शिशाला टेकेपर्यंत दाबून बसवावी. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे पुष्कळ आमिषांच्या पाठीवर एक बारीक रेघ राहिलेली असते. मध्य शोधणाऱ्याला तिच्यासारखा दुसरा वाटाड्या नाही.

खूण चुकली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. टोक फार पुढे बाहेर पडले तर दांडीवर अंग ताणले जाते, आणि ताणलेले अंग नाकाशी फाटते. टोक फार मागे निघाले तर अंगाला कुबड येते. टोक बाजूला गेले तर मासळी तिरकी बसते, ओढताना स्वतःभोवती गरगर फिरते आणि दोरीला पीळ घालते. एखाद्या चुकीच्या भोकातून टोक पुन्हा पुन्हा घातले तर ते भोक सैल होते आणि मानेवरील काट्यांना धरावयास काही उरत नाही. म्हणून पहिल्याच वेळी हात स्थिर ठेविणे, यातच सारे कौशल्य आहे.

एवढे करूनही ज्यांना खात्री वाटत नाही, ते मानेवर गोंदाचा एक थेंब लावतात. हा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा असतो. हॅरी कूव्हर यांच्या हाती तो 1942 मध्ये प्रथम आला, आणि 1958 मध्ये तो बाजारात विक्रीस निघाला. हवेतील व पृष्ठभागावरील ओलाव्यानेच तो घट्ट होत असल्याने पाण्याच्या काठी तो चटकन काम करतो. मात्र थेंब एकच पुरे. वाळलेला गोंद कडक असतो; तो अंगभर पसरला तर ज्या मऊपणासाठी हा सारा खटाटोप, तोच नाहीसा होतो.

जेथे पाण्यात तिवरांची मुळे आणि कालवांनी भरलेले खडक असतात, तेथे उघडे टोक माशाआधी मुळालाच लागते. रायगडातील खाड्यांत जिताडा अशाच अडचणीच्या जागी दबा धरून असतो. तेथे रुंद वळणाचा गळ घेतात. त्याच्या वरच्या टोकाशी तारेचे मळसूत्र असेल तर ते नाकाच्या मध्यात फिरवून बसवावे. मळसूत्राने मऊ अंग जितके घट्ट धरले जाते तितके सरळ तारेने धरले जात नाही. नंतर टोक पोटाकडून पाठीकडे आरपार काढून पाठीच्या कातडीत जेमतेम लपवावे. जिताडा तोंड उघडून पाण्यासह भक्ष्य आत खेचून घेतो. जबडा मिटताच मऊ अंग दबते आणि लपलेले टोक बाहेर येते. येथे अंग जाड आणि गळाचे वळण अरुंद असून चालत नाही. दबलेल्या प्लॅस्टिकला जाण्यास जागाच उरली नाही, तर टोक माशाच्या जबड्यापर्यंत पोहोचत नाही.

काही हानी कोणत्याही युक्तीने टळत नाही. केंड मासा आपल्या दातांनी शेपटी कापून नेतो, त्याला मळसूत्राची किंवा गोंदाची पर्वा नसते. परंतु जी हानी निष्काळजीपणाने होते, ती केवळ धरणाऱ्याच्या खिशाची नव्हे. गांडूळ गळावरून सुटले तर पाण्यातील कोणीतरी ते खाऊन पचविते. व्हायनलची मासळी सुटली तर ती कुजत नाही, तळाशी पडून राहते. अशी आमिषे गिळलेले ट्राउट मासे सापडले आहेत, आणि गिळलेले प्लॅस्टिक पोटातून सहजासहजी बाहेर पडत नाही. ज्या माशाला धरावयाचे नाही, ज्याची भूकही भागवावयाची नाही, त्याच्या पोटात ते जाऊन बसते. आमिष घट्ट बसविणे हा म्हणूनच पाण्याशी राखावयाचा व्यवहार आहे, आणि फाटलेला तुकडा खिशात घालून घरी परत नेणे हा त्याच व्यवहाराचा दुसरा भाग आहे.

जाणते धरणारे पहिली फेक करण्यापूर्वी आमिष पायाशी, उथळ पाण्यात, हातभर ओढून पाहतात. मासळी सरळ चालली, शेपटी एकसारखी फडफडली आणि नाक शिशाला चिकटून राहिले, तरच दोरी दूर जाते. तसे झाले नाही, तर ते आमिष काढून पुन्हा लावतात. मासा तेवढा वेळ थांबतो.