घरच्या संगणकातील हार्ड डिस्क अकस्मात मंदावल्यास
(मोहने येथील शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे आलेला विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. अध्यापनाशी याचा संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु वर्गाची निकालपत्रके, शिष्यवृत्तीस बसलेल्या मुलांची माहिती, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे हे सारे आज आपल्या घरच्या संगणकात असते, आणि पुष्कळदा त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. संगणक मंदावला म्हणजे ‘जुना झाला’ एवढे म्हणून आपण स्वस्थ बसतो. वस्तुतः असा मंदपणा कित्येकदा डिस्क निकामी होऊ लागल्याची पहिली सूचना असते.

प्रथम मंद म्हणजे किती, हे ठरविले पाहिजे. ताप मोजल्यावाचून औषध देणे जसे अयोग्य, तसेच हे. हार्ड डिस्क म्हणजे फिरत्या तबकड्यांचे यंत्र होय. आयबीएम कंपनीने १९५६ साली असे पहिले यंत्र बाहेर काढले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटास १२०० फेरे घेत आणि सर्व मिळून ५० लाख अक्षरे साठवीत. आपल्या घरातील तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा जातो, शिवाय ते टोक सरकण्यास वेळ लागतो तो निराळा. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्याची ही खेप १५ मिलिसेकंदांची धरू.

आता हिशेब पाहा. निरोगी डिस्क सलग मजकूर सेकंदास १०० मेगाबाइटच्या आसपास वाचते, म्हणजे स्नेहसंमेलनाची ४००० मेगाबाइटची एकच चित्रफीत ४० सेकंदांत वाचून व्हावी. परंतु १०,००० लहान फायली असल्या तर नुसत्या खेपांतच १५० सेकंद जातात, मग त्यांचा एकूण आकार कितीही अल्प असो. तेव्हा छायाचित्रांचे खाते सावकाश उतरते म्हणून डिस्कला दोष देऊ नये. परीक्षा घ्यावयाची ती एका मोठ्या फायलीची. डिस्क भरत आल्यावर मजकूर तबकडीच्या आतल्या कडेस लिहिला जातो व तेथे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, हेही ध्यानात असावे.

परीक्षेपूर्वी संगणक सुरू करून पंधरा मिनिटे थांबावे. आरंभी विंडोजची अद्ययावतीकरणे, विषाणूंचा शोध व फायलींची सूची करणे ही कामे पडद्याआड चालू असतात. नंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. तेथे डिस्कपुढे १०० टक्के दिसत असून प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदास एक-दोन मेगाबाइट असेल, तर डिस्क एक तर लहानसहान खेपांत गुंतली आहे किंवा एकच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत आहे. पुष्कळ वेळ काही काम न देताही हीच स्थिती राहिली, तर दुसरे कारण अधिक संभवते.

बाहेरून जोडावयाच्या डिस्कच्या बाबतीत आधी खाच पाहावी. एका गुरुजींची नवी डिस्क सेकंदास ३० मेगाबाइटपलीकडे जाईना. त्यांनी ती संगणकाच्या पुढील बाजूस, जुन्या यूएसबी २ च्या खाचेत लावली होती. त्या खाचेची मर्यादा सेकंदास ४८० मेगाबिट. आठाने भागता ६० मेगाबाइट, आणि व्यवहारात त्याच्या निम्म्याच्या थोडे वर. मागील बाजूची, आतून बहुधा निळी असणारी खाच वापरताच वेग तिप्पट झाला. बिट व बाइट यांतील हा आठपटीचा भेद सातवीच्या मुलांना उदाहरण म्हणून घालण्याजोगा आहे.

आतील डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा विनामूल्य प्रोग्राम आहे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते, ती तो दाखवितो. सी-७ या क्रमांकाची नोंद वाढत असेल, तर बहुतेक वेळा केबल सैल वा खराब असते. हा आकडा पुन्हा खाली येत नाही. म्हणून तो वहीत टिपावा, विजेची पिन काढून केबल बदलावी व आठवड्याने तो वाढला का ते पाहावे. ०५ किंवा सी-५ या नोंदी शून्याहून अधिक असून वाढत असतील, तर तबकडीचे भाग खराब होत आहेत. अशा वेळी चेकडिस्क चालवू नये, डिफ्रॅगही करू नये; मरणासन्न डिस्कला श्रम दिल्यासारखे होते. आधी निकालपत्रके, मग मुलांची माहिती, शेवटी छायाचित्रे, या क्रमाने प्रत घ्यावी. दुकानातून प्रथम फॉरमॅटचा सल्ला मिळतो. प्रत हाती येईपर्यंत तो मुळीच मानू नये.

ती प्रतही त्याच घरात ठेवू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले होते, हे मोहन्याच्या रहिवाशांस सांगावयास नको.

डिस्क निरोगी असूनही विंडोज १० वा ११ कंटाळवाणे चालत असेल, तर नवा संगणक घेण्याऐवजी केवळ एसएसडी बसवून पाहावी. तीत फिरणारी तबकडीच नसल्याने वर सांगितलेली खेप उरत नाही. मात्र तिला डिफ्रॅग करू नये, त्याचा उपयोग नाही व झीज होते.

काढून टाकलेली जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्यातील तबकड्या फोडाव्यात, कारण तिच्यात आपल्या वर्गातील मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात.