काजळी नुसती काळी नसते



डिझेल गाडीचा धूर गाळणारा फिल्टर सारखा भरतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग कुणीतरी सांगतं, "काढूनच टाका ना तो, पिकअप सुधारेल." माझं आजचं सगळं बोलणं त्या सल्ल्याविरुद्ध आहे. ज्यांनी फिल्टर आधीच काढलाय, त्यांना ते टोचेल. टोचू द्या.

या फिल्टरात अडकते ती काजळी. तिचा मूळ कण म्हणजे कांदा समजा, साधारण 20 ते 30 नॅनोमीटरचा. आत कार्बनचे पापुद्रे, थरावर थर. ग्राफाइटमध्ये हेच थर सपाट, शिस्तीत रचलेले असतात. इथे ते वाकलेले, तुटके, जरा सैल. असे कितीतरी कांदे एकमेकांना चिकटून त्यांची वेणी होते, आणि ती वेणी हवेत तरंगते.

आता चाळीतल्या कांद्याच्या सालीवरची काळी बुरशी आठवा, हाताला लागते ती. काजळीच्या सालीवरही असंच बरंच काही चिकटलेलं असतं: अर्धवट जळलेलं डिझेल, वंगणतेल, बहुचक्रीय हायड्रोकार्बनं. यांतली काही कर्करोगकारक आहेत. एक ग्रॅम काजळीचा पृष्ठभाग मोजला तर शंभर चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे हजारभर चौरस फूट! फुप्फुसाची पहिली गाठ पडते ती या सालीशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसासाठी कर्करोगकारक ठरवला.

म्हणून सांगतो, धूर काळा दिसत नाही एवढ्यावर जाऊ नका. हे कण डोळ्यांना दिसण्याइतके मोठे नसतातच. काळा लोट निघाला की आपण नाकाला रुमाल लावतो, आणि शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीजवळ खुशाल गप्पा मारतो.

आता फिल्टर का भरतो, ते बघा. साठलेली काजळी नुसत्या हवेत जाळायची तर सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. शहरात क्रांती चौक ते सिडको, सिग्नलला थांबत जाणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही. गाडी जादा इंधन सोडून फिल्टर तापवू पाहते, तेवढ्यात आपण चावी फिरवून मोकळे! दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितलंय तशी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालवा. समृद्धी महामार्ग आपल्या दाराशी आहे. काजळीच्या जळण्यातही फरक असतो: सैल पापुद्र्यांचा कांदा लवकर जळतो, कारण तुटक्या कडांना ऑक्सिजन आधी धरतो. घट्ट थरांचा चिवट निघतो. नायट्रोजन डायऑक्साइड असेल तर हे काम बऱ्याच कमी तापमानालाही होतं, पण तो विषय मोठा आहे, आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून मला खूण झालीय.

फिल्टर काढू नका, हे पुन्हा सांगतो. आणि फिल्टरात साठणारी राख सांगायची राहिलीच. ती जळत नाही, ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त अशा धातूंमुळे, म्हणून ऑइल घेताना डब्यावर कमी राखेचं आहे का एवढं तरी... असो, वेळ संपली.