डागडुजी म्हणजे दुरुस्ती नव्हे



अपघात घडला की दैवाला, हवामानाला किंवा वैमानिकाला बोल लावून मोकळे व्हावयाचे, ही रीत जुनी आहे. कारणाचा शोध घेणाऱ्याने मात्र देखभालीची वही आधी उघडली पाहिजे.

१९ डिसेंबर २००५ रोजी अमेरिकेतील मायामीहून बहामातील बिमिनी बेटाकडे निघालेले 'चॉक्स ओशन एअरवेज' कंपनीचे लहान जलविमान उड्डाणानंतर लगेच पाण्यात कोसळले. १८ प्रवासी व २ वैमानिक, असे सर्व २० जण मृत्युमुखी पडले. नेहमीच्याच उड्डाणात विमानाचा उजवा पंख निखळला होता. 'ग्रुमन मॅलार्ड' जातीचे हे विमान १९४७ सालचे होते.

वर्षानुवर्षांच्या ताणाने धातूला भेग जाते व ती हळूहळू वाढते. या विमानात तिची खूणही दिसली होती. पंखातील टाकीतून इंधन वारंवार गळत होते. गळतीचे मूळ न शोधता जागा लेप लावून बुजवली गेली. देखभाल-व्यवस्थेने भेगा हेरून नीट दुरुस्त केल्या नाहीत आणि सरकारी नियामकाने त्या व्यवस्थेतील दोष पकडले नाहीत, असा दुहेरी ठपका राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ साली ठेवला. जुन्या विमानांच्या तपासणीसाठी १९९१ साली कायदा झाला होता. परंतु त्याखालील नियमांतून १९५८ पूर्वी मान्यता मिळालेल्या जातींची विमाने वगळलेली होती. म्हणजे ज्यांना तपासणीची गरज सर्वाधिक, त्यांनाच सूट!

टाळलेली देखभाल ताळेबंदात बचत म्हणून दिसते. वस्तुतः ते कर्ज असते. ते काढणारा एक आणि फेडणारा दुसरा, हाच त्यातील अन्याय आहे.

तथापि मालकी सरकारी झाली म्हणजे भेग आपोआप सांधत नाही, हेही समाजवाद्यांनी स्पष्ट बोलले पाहिजे. येथे चुकलेला नियामक सरकारीच होता. म्हणून मागणी नेमकी हवी: देखभालीच्या नोंदी प्रवाशांना व कामगारांना खुल्या असाव्यात, निरीक्षक पुरेसे व निर्भय असावेत, आणि दोष दिसताच यंत्र थांबविण्याचा अधिकार, नोकरीला धक्का न लागता, तंत्रज्ञाला असावा. गळती प्रथम त्यालाच दिसते. त्याचा शब्द अखेरचा मानला जाईल, तेव्हाच सुरक्षिततेची भाषा खरी ठरेल.