विपथगामी कोण?



२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागोमाग हजारो अस्पृश्य बांधव प्याले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारलाही होता. म्हणजे सरकारदरबारी पाहता त्या दिवशी कोणताच अपराध घडला नव्हता. तरीही परतणाऱ्यांना मारहाण झाली, आणि मागाहून सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. कायदा पाळणारे अपराधी ठरले आणि काठ्या चालवणारे धर्मरक्षक! ज्याला समाजशास्त्र 'विपथगमन' म्हणते, म्हणजे रूढ वाट सोडून जाणे, त्याचा सगळा पेच या एका प्रसंगात सामावलेला आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९५ मध्ये असे प्रतिपादन केले की, गुन्हा ही समाजाची विकृती नव्हे. गुन्ह्यावाचून समाजच नसतो. शिक्षेचे खरे कार्य गुन्हेगाराला सुधारणे हे नसून, नियम पाळणाऱ्यांची सामूहिक भावना घट्ट करणे हे होय. महाडचे शुद्धीकरण याच जातीचे होते. ते पाण्यासाठी नव्हते, पाहणाऱ्यांसाठी होते. दुर्खीमने आणखीही एक गोष्ट सांगितली: अथेन्सच्या कायद्याने सॉक्रेटिस गुन्हेगारच होता, पण त्याचा गुन्हा म्हणजे येऊ घातलेल्या नीतीची चाहूल होती. दुर्खीमची उणीव मात्र येथेच उघडी पडते. तो समाजाची भावना एक धरून चालतो. महाडात ती एक कोठे होती? ज्यांच्या हाती जमीन, पाणवठा आणि पोथी, त्यांच्याच भावनेला 'समाजाची भावना' हे नाव मिळाले होते.

अमेरिकेतील रॉबर्ट मर्टन याने १९३८ मध्ये हा प्रश्न खालच्या बाजूने पाहिला. संपत्तीचे ध्येय सर्वांपुढे ठेवायचे आणि तिकडे जाण्याचे सनदशीर मार्ग थोड्यांनाच मोकळे ठेवायचे, अशी जिथे रचना असते, तिथे काही जण आडमार्गाने जाणारच. पुढे त्याने एक भेद केला, तो चळवळीतल्या माणसाने विसरू नये असा आहे. चोर अंधारात नियम मोडतो आणि मनातून तो मान्यही करतो; बंडखोर दिवसाढवळ्या नियम मोडतो आणि नियमच अन्याय्य असल्याचे सांगतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला. १८५६ च्या कायद्याने तसा विवाह वैध होऊन सदतीस वर्षे लोटली होती, तरी मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले.

हॉवर्ड बेकर याने १९६३ मध्ये मांडले की, विपथगमन हा कृत्याचा अंगभूत गुण नसून इतरांनी मारलेला शिक्का आहे. याचा दाखला भारतात त्याच्या जन्माआधीच तयार होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा आगगाडीने नेला, पारध्यांची शिकार जंगल कायद्याने. मग त्यांच्या भटकण्यालाच संशयास्पद ठरवले. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातली वसाहत. हजेरीच्या माणसाला कामावर कोण ठेवणार? काम नाही म्हणून चोरी, आणि चोरी केली की शिक्का खरा ठरला! सोलापूरच्या 'सेटलमेंट'मधील माणसे मात्र गिरण्यांना चालत होती. शिक्क्याचा हा आर्थिक उपयोग बेकरपेक्षा मार्क्स वाचलेल्याला लवकर उमगेल.

तथापि शिक्क्याचा सिद्धान्त ताणण्यालाही मर्यादा आहे. जिच्या घरातली चार भांडी आणि पोत चोरीला गेली, त्या विधवेला 'चोरी हा केवळ शिक्का आहे' असे सांगणे हा क्रूरपणाच ठरेल. नुकसान खरे असते. प्रश्न एवढाच, की ते कोणी केले हे पुराव्याने ठरते की जमातीच्या नावाने.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हटल्या गेल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर त्यात जन्माचा संबंध नाही. ठाण्यातली जुनी नजर मात्र कलमांनी बदलली नाही, आणि चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालांकडे वळण्याची रीत राहिली. १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले आणि शिक्का मारणाऱ्यांसमोर तो शिक्काच धरला.

चवदार तळ्यावरील अस्पृश्यांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये मान्य केला; पाणी पिण्यात आणि त्या निकालात दहा वर्षे गेली. तुरुंगांच्या नियमावल्यांतून जातीनुसार कामे वाटण्याची आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजण्याची कलमे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी.