बिऱ्हाड आणि मुका सोबती



बदलीवर बंगळूरला आलो, तेव्हा वृद्ध मोत्यापायी आम्हांस तीन घरे नाकारली गेली. ‘सोडून द्या’ असा सल्लाही मिळाला. परंतु पाळलेल्या जिवास उपासमारीच्या तोंडी सोडणे हा १९६० च्या कायद्याने अपराध आहे. मनाच्या कायद्याने तर आहेच.

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार रहिवासी संघास प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. घरमालकाची संमती मात्र मिळवावीच लागते. म्हणून गोष्ट लपवू नये. लसीकरणाचा दाखला दाखवावा, करारात तसे लिहून घ्यावे.

चौथे घरमालक मोत्याला पाहून म्हणाले, “आमच्या मैलाराजवळही कुत्रा असतो.”

मैलार म्हणजे आपला खंडोबाच! नवागतांसाठी अशा घरांची एक वही मंडळाने ठेवावी, ही विनंती.