क्रांती एका देशात, झळ दुसऱ्याला



एखाद्या देशात क्रांती झाली की तिची चर्चा राजधानीच्या अंगाने होते. सत्ता कोणाची गेली, जमिनी कोणाच्या ताब्यात आल्या, एवढे सांगितले की इतिहास सांगितला असे आपण समजतो. त्या क्रांतीने शेजारच्या देशातील सरहद्दीवरच्या मुलखाचे काय केले, हा प्रश्न बहुधा तळटिपेत जातो. निकाराग्वाच्या क्रांतीपुरता तरी तो तळटिपेतून वर आणला पाहिजे.

१९ जुलै १९७९ रोजी सँडिनिस्टांनी मानाग्वा जिंकले. चार दशकांहून अधिक काळ देश लुटणाऱ्या सोमोझा घराण्याची सत्ता संपली आणि त्याच्या नॅशनल गार्डचे अनेक शिपाई उत्तरेकडे होंडुरासमध्ये पळाले. १९८१ च्या अखेरीस रेगन यांनी गुप्त कारवाईला मंजुरी दिली, तिच्यासाठी सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर ठेवले आणि या पळपुट्यांभोवती ‘काँट्रा’ फौज उभी राहिली. मात्र ती केवळ भाडोत्र्यांची फौज होती असे म्हणून भागत नाही. पुढे तिच्यात उत्तर निकाराग्वातील छोटे शेतकरीही मोठ्या संख्येने गेले. धान्याचे सरकारी भाव आणि जमीनजप्ती यांमुळे ते दुखावले गेले होते. हे कटू आहे, पण समाजवाद्यांनीच ते आधी बोलायला हवे.

या फौजेचे तळ पडले होंडुरासच्या एल पाराइसो प्रांतात. नावाचा अर्थ स्वर्ग! हा कॉफीचा मुलूख. कॉफीचे झाड लावल्यापासून फळाला येण्यास तीन-चार वर्षे लागतात, आणि फळ पिकले की ते थोड्या आठवड्यांत हाताने खुडावे लागते. मजूर भीतीने आला नाही तर पीक झाडाखाली सडते. निगा राखणारा माणूसच परागंदा झाला तर बागही जाते. तेथे नेमके हेच घडले. पलीकडून तोफगोळे येत, वाटांवर सुरुंग पेरलेले, गावात परक्यांच्या बंदुका. हजारो होंडुरासवासीयांना स्वतःच्याच देशात निर्वासित व्हावे लागले.

कॉफी-उत्पादकांच्या संघटनेने सरकारकडे भरपाई मागितली, तेव्हा विलक्षण पेच उभा राहिला. आपल्या भूमीवर काँट्रा नाहीतच, अशी त्या सरकारची वर्षानुवर्षे अधिकृत भूमिका होती. जी फौज अस्तित्वातच नाही, तिने केलेल्या नुकसानीची भरपाई कोणत्या खात्यातून द्यायची? याच काळात होंडुरासला मिळणारी अमेरिकेची लष्करी मदत १९८० मधील सुमारे ४० लाख डॉलरवरून १९८४ मध्ये ७ कोटी डॉलरच्या वर गेली होती. त्या पैशाने सैन्य पोसले गेले, बागा उभ्या राहिल्या नाहीत.

पूर्वेकडे, मोस्किटियाच्या रानात, दोष एकट्या वॉशिंग्टनवर टाकता येत नाही. १९०६ साली स्पेनच्या राजाने दिलेला सीमानिवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये कायम केला आणि कोको नदी ही सरहद्द ठरली. मिस्किटो लोकांची घरे नदीच्या दोन्ही काठांवर. त्यांच्या लेखी ती नदी म्हणजे गावातला रस्ता. १९८१ च्या डिसेंबरपासून काँट्रांचे हल्ले वाढले, तेव्हा सँडिनिस्ट सरकारने काठावरची गावे उठवली, घरे जाळली, गुरे मारली आणि साडेआठ हजारांच्या आसपास माणसे आतल्या वसाहतींत हलवली. त्या वसाहतींना नाव दिले ‘तास्बा प्री’, म्हणजे स्वतंत्र भूमी. दहा हजारांच्या आसपास मिस्किटो नदी ओलांडून होंडुरासमध्ये गेले. मोकोरोनसारख्या खेड्यात निर्वासितांची छावणी पडली आणि तिथल्या तरुणांतून काँट्रांना नवे सैनिक मिळाले. हल्ले खरे होते, संरक्षणाची गरजही खरी होती. तरीही ज्यांच्यासाठी क्रांती केली त्यांनाच न विचारता उठवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. सरकारलाही ते कळले असावे. १९८५ पासून लोकांना नदीकाठी परतू दिले गेले आणि १९८७ मध्ये किनारपट्टीला स्वायत्तता देणारा कायदा झाला. पण तोवर एका समाजाची दोन देशांत पांगापांग झाली होती.

फेब्रुवारी १९९० च्या निवडणुकीत सँडिनिस्टांचा पराभव झाला, त्यांनी सत्ता सोडली आणि त्याच वर्षी काँट्रांनी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांपुढे शस्त्रे ठेवली. रानावाटांत पेरलेले सुरुंग मात्र दोन्ही बाजूंना तसेच राहिले. निकाराग्वाच्या भूमीतील सुरुंग काढून पूर्ण होण्यास २०१० साल उजाडले.